लष्करी अधिकाऱ्याला सिव्हिल पोलीस अटक करू शकतात का? कलम ४२ ची हद्द नेमकी कुठवर?

गोदाकाठ

"लष्करातल्या माणसाला सिव्हिल पोलीस हात लावू शकत नाहीत." देवळालीचं छावणी क्षेत्र जवळ असल्याने नाशिकच्या फौजदारी कोर्टात वकिली करताना हे वाक्य मला सतत ऐकायला मिळतं. पक्षकार म्हणतात, ठाणे अंमलदार म्हणतात, आणि वर्दीतल्या माणसाचे नातेवाईकही तितक्याच ठामपणे म्हणतात. ते चुकीचं आहे, आणि त्या चुकीपायी खऱ्या तक्रारी आठवडेच्या आठवडे पडून राहतात. म्हणून हा धागा.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४५ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात तेच कलम ४२ झालं. त्याचा आशय एवढाच आहे: सशस्त्र दलातल्या व्यक्तीने आपलं अधिकृत कर्तव्य बजावताना केलेल्या, किंवा कर्तव्य म्हणून केल्याचं दिसणाऱ्या कृत्यासाठी तिला केंद्र सरकारच्या संमतीशिवाय अटक करता येणार नाही. कलमात हुद्द्याचा उल्लेख नाही. शिपाई असो की ब्रिगेडियर, संरक्षण एकच, आणि ते कामाला चिकटलेलं आहे. माणसाला नाही.

त्यामुळे सुट्टीवर आलेल्या मेजरने दारू पिऊन गाडी कुणाच्या अंगावर घातली, हॉटेलात मारामारी केली, प्लॉटच्या व्यवहारात फसवलं, घरात बायकोला मारलं, तर कलम ४२ चा संबंधच येत नाही. पोलीस इतर कुणालाही करतील तशीच अटक करू शकतात, आणि इतर कुणालाही आणतील तसंच त्याला २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. लाचेच्या प्रकरणात सीबीआय लष्करी अधिकाऱ्यांना अटक करते, ती याच आधारावर.

आता 'हे कर्तव्य होतं' असं कुणीही म्हणेल. तिथे कसोटी लागते. १९५५ च्या माताजोग दुबे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोकरांच्या बाबतीत ती सांगितली: कृत्य आणि कर्तव्य यांच्यात वाजवी संबंध हवा. कर्तव्य बजावताना हात थोडा जड पडला तरी संरक्षण मिळू शकतं. पण नोकरीमुळे केवळ संधी मिळाली आणि गुन्हा केला, तर मिळत नाही.

अटकेनंतर मात्र लष्करी माणसाचा रस्ता थोडा वेगळा होतो. आर्मी अ‍ॅक्ट १९५० च्या कलम ६९ प्रमाणे बरेचसे साधे फौजदारी गुन्हे कोर्ट मार्शलपुढेही, म्हणजे लष्कराच्या स्वतःच्या न्यायालयापुढेही, चालवता येतात. म्हणजे दोन न्यायालयांना अधिकार. निवड कुणी करायची? कलम १२५ म्हणतं, लष्करी अधिकाऱ्याने. कलम १२६ म्हणतं, फौजदारी न्यायालयाला वाटलं की खटला आपल्याकडे चालावा, तर ते आरोपीचा ताबा मागू शकतं. लष्कराने एक तर त्याला सोपवायचं, नाहीतर प्रश्न केंद्र सरकारकडे पाठवायचा, आणि केंद्राचा शब्द अखेरचा. या दोन न्यायालयांमधल्या निवडीबद्दलच्या १९७८ च्या नियमांप्रमाणे मॅजिस्ट्रेटने स्वतःहून खटला चालवायचं ठरवलं तर आधी कमांडिंग ऑफिसरला लेखी नोटीस देऊन १५ दिवस थांबावं लागतं. हे १५ दिवस खटल्यासाठी आहेत, अटकेसाठी नाहीत. नेमकी इथेच पोलीस ठाण्यात गल्लत होते.

आणि कलम ७०. सिव्हिलियन व्यक्तीचा खून, सदोष मनुष्यवध किंवा तिच्यावर बलात्कार केला असेल तर कोर्ट मार्शलला तो खटला चालवताच येत नाही. अपवाद तीन: आरोपी तेव्हा 'अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिस'वर असेल, भारताबाहेर असेल, किंवा केंद्राने अधिसूचित केलेल्या सीमेवरच्या ठाण्यावर असेल. पुण्यात, नगरला, नाशिकला असा गुन्हा घडला तर खटला सत्र न्यायालयातच.

---

मराठा_लाइट

ताई, चांगलं मांडलंत. मी इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे युनिटच्या बाजूने थोडं लिहितो.

जवान किंवा साहेब पोलीस ठाण्यात बसलाय असा फोन आला की युनिटमध्ये पहिला प्रश्न असतो तो हजेरीचा. कळवलं नाही तर तो माणूस संध्याकाळच्या रोलकॉलला 'विनापरवाना गैरहजर' पडतो, आणि तो आर्मी अ‍ॅक्टच्या कलम ३९ खाली वेगळा गुन्हा. म्हणून पोलिसांनी लगेच युनिटला किंवा स्टेशन हेडक्वार्टरला कळवावं एवढीच आमची अपेक्षा असते. मग ड्यूटी ऑफिसर आणि मिलिटरी पोलीस गाडी घेऊन जातात. किरकोळ प्रकरण असेल तर ठाण्याचे साहेब सहीशिक्का घेऊन माणूस आमच्या ताब्यात देतात. लोकांना वाटतं सुटला. अहो, सुटत नाही. युनिटमध्ये आल्यावर त्याला क्लोज अरेस्टमध्ये, म्हणजे पहाऱ्यात, टाकतात, ४८ तासांच्या आत सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांना चौकशी सुरू करावी लागते, आणि तिथली शिक्षा कधीकधी सिव्हिल कोर्टापेक्षा जड जाते. सिव्हिल कोर्टात दंड भरून माणूस घरी येतो, इथे फीत उतरते आणि पेन्शनवर आयुष्यभर फरक पडतो.

पण कलम ४२ ला नावं ठेवू नका, ही विनंती. जानेवारी २०१८ मध्ये शोपियानला लष्कराच्या ताफ्यावर जमाव चालून आला, गोळीबार झाला, तीन तरुण गेले. पोलिसांनी खुनाच्या कलमाखाली एफआयआर नोंदवला आणि त्यात एका मेजरचं नाव घातलं. त्याच्या वडिलांना, जे स्वतः लष्करात होते, सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. न्यायालयाने फेब्रुवारीत सक्तीच्या कारवाईला आणि मार्चमध्ये तपासालाही स्थगिती दिली. गेलेल्या तीन पोरांच्या आयाबापांचं दुःख मी नाकारत नाही. पण ताफा घेऊन निघालेल्या अधिकाऱ्याच्या मनात 'उद्या ठाण्यात कोण बोलावेल' हा विचार आला, तर त्याच्यामागची माणसं मरतात.

---

अनघा_क

गोदाकाठ ताई, माझ्या मावसबहिणीचा नवरा कॅप्टन आहे, पोस्टिंग राजस्थानात. ती मारहाणीला कंटाळून माहेरी आलीये. आमच्या इथल्या ठाण्यात गेलो तर "आधी लष्कराची परवानगी आणा, मग लिहून घेतो" म्हणाले. ही परवानगी मागायची कुणाकडे?

---

गोदाकाठ

अनघा, कुणाकडेच नाही. अशी परवानगी कायद्यात अस्तित्वात नाही. बायकोला मारणं हे कुठल्याच दलाचं कर्तव्य नाही, त्यामुळे कलम ४२ ची संमती नको, आणि खटल्यासाठी कलम २१८ ची पूर्वमंजुरीही नको. शिवाय एफआयआर नोंदवायला तर कर्तव्यावरच्या कृत्यातसुद्धा मंजुरी लागत नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे २०१३ च्या ललिता कुमारी निकालापासून पक्कं आहे. मारहाण राजस्थानात झाली असली तरी इथल्या ठाण्याने शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तिकडे पाठवायचा असतो.

ठाणं ऐकत नसेल तर तक्रार लेखी करून पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, कलम १७३(४). पोचपावती जपून ठेवा. तरीही हालचाल नाही झाली तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते, म्हणजे नंतर निराशा नको. अटक करता येते याचा अर्थ अटक होईलच असा नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ ला शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत पोलिसांनी आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची, अटकेची गरज वाटली तर कारण लिहायचं, हा अर्णेश कुमार निकालाचा दंडक सगळ्यांनाच लागू आहे. कॅप्टनलाही, बँकेतल्या क्लार्कलाही.

पोटगीसाठी वेगळी वाट आहे. अधिकारी बायको-मुलांना पैसे देत नसेल तर आर्मी अ‍ॅक्टच्या कलम ९० खाली त्याच्या पगारातून रक्कम कापून देता येते. बहिणीला सांगा, तिच्याच नावाने युनिटच्या कमांडिंग ऑफिसरला अर्ज कर. हे कोर्टातल्या पोटगीच्या अर्जासोबत चालू शकतं.

---

इतिहासवेडा

या विषयात मुंबईचा नानावटी खटला कसा विसरता येईल? सगळे ज्युरीबद्दल बोलतात, पण ताब्याचा भाग फार कमी जणांना ठाऊक असतो.

२७ एप्रिल १९५९ रोजी कमांडर नानावटींनी प्रेम आहुजाला गोळ्या घातल्या आणि आधी गेले ते नौदलाच्या प्रोव्होस्ट मार्शलकडे. त्याने त्यांना पोलिसांकडे जायला सांगितलं. म्हणजे लष्करी पोलिसांचा प्रमुखच म्हणाला, हा विषय सिव्हिल पोलिसांचा. कमांडर जाऊन डेप्युटी कमिशनर लोबोंपुढे हजर झाले. पण दोनच दिवसांत, २९ एप्रिलला, मुंबईच्या फ्लॅग ऑफिसरचं मॅजिस्ट्रेटला पत्र गेलं की आरोपीला नौदलाच्या कोठडीत ठेवायला आम्ही तयार आहोत. खटला सिव्हिल न्यायालयात, आरोपी मात्र नौदलाच्या ताब्यात, असं ते चाललं.

खरा पेच पडला ११ मार्च १९६० ला. उच्च न्यायालयाने जन्मठेप सुनावली आणि त्याच दिवशी मुंबईच्या राज्यपालांनी शिक्षा स्थगित केली. अट एकच: सर्वोच्च न्यायालयातलं अपील निकाली निघेपर्यंत नानावटींनी आयएनएस कुंजालीवरच्या नौदलाच्या कोठडीत राहायचं. उच्च न्यायालयाने काढलेलं अटक वॉरंट न बजावताच परत आलं, त्यावर शेरा राज्यपालांच्या आदेशाचा. न्यायालयाचं वॉरंट नौदलाच्या फाटकाबाहेर थांबलं, हे आपल्याच शहरात घडलेलं आहे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रकरण आपल्यापुढे असताना राज्यपालांना अशी स्थगिती देता येत नाही. मग साध्या तुरुंगात जावं लागलं.

---

सातपूरकर

मग मालेगावचं काय? कर्नल पुरोहितांना महाराष्ट्र एटीएसने २००८ मध्ये सेवेत असतानाच अटक केली होती. तेव्हा केंद्राची संमती लागली नाही का? आणि आता तर ते निर्दोष सुटले.

---

गोदाकाठ

सातपूरकर, मालेगाव आपल्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे शांतपणे आणि नेमकं लिहिते.

स्फोट २९ सप्टेंबर २००८ चा, सहा जण गेले. लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित तेव्हा पचमढीला होते. त्यांना मुंबईला आणलं गेलं आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला एटीएसने अटक दाखवली. पुढे त्यांनी उच्च न्यायालयात मुद्दा मांडला की आपण जे काही केलं ते लष्करी गुप्तवार्ता मिळवण्याच्या कर्तव्याचा भाग होतं, वरिष्ठांना माहिती देत होतो, म्हणून खटल्याला केंद्राची पूर्वमंजुरी हवी होती. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला. म्हणणं असं की सहा माणसांचा जीव घेणारा बॉम्बस्फोट घडवणं, हा जो आरोप आहे, ते अधिकृत कर्तव्य असूच शकत नाही.

३१ जुलै २०२५ रोजी विशेष एनआयए न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडलं. त्याआधी, २०१७ ला जामीन मिळेपर्यंत, ते जवळपास नऊ वर्षं तुरुंगात होते.

हे दोन निकाल एकमेकांविरुद्ध जात नाहीत. मंजुरी लागते की नाही हे आरोपाच्या स्वरूपावरून ठरतं, आणि माणूस दोषी आहे की नाही हे पुराव्यावरून. मंजुरीची गरज नव्हती म्हणून माणूस दोषी ठरत नाही, आणि निर्दोष सुटला म्हणून मंजुरीची गरज होती असंही होत नाही. पण एक बाब मला अस्वस्थ करते: कर्तव्याचा मुद्दा अटकेच्या दिवशीच कुणीतरी तपासायला हवा होता. तो उच्च न्यायालयात निकाली निघेपर्यंत चौदा वर्षं गेली. आरोपीची गेली, आणि मालेगावच्या त्या सहा घरांचीही गेली.

---

ईशान्यवारी

कामानिमित्त काही वर्षं नागालँडमध्ये होतो, म्हणून दुसरी बाजू लिहायलाच हवी.

४ डिसेंबर २०२१. मोन जिल्हा, तिरू ते ओटिंग रस्ता. कोळसा खाणीतली कामाची पाळी संपवून पिकअप व्हॅनमधून घरी परतणारी आठ माणसं. पॅरा स्पेशल फोर्सेसच्या तुकडीने अतिरेकी समजून गोळ्या झाडल्या, सहा जण जागीच गेले. गावकरी शोधायला आले, चकमक उडाली, आणखी माणसं मेली, एक जवानही गेला. गृहमंत्र्यांनी संसदेत ओळख चुकल्याचं सांगून खेद व्यक्त केला. म्हणजे ते अतिरेकी नव्हते याबद्दल वादच नाही.

राज्य पोलिसांच्या विशेष तपास पथकाने २०२२ मध्ये एका मेजरसह ३० जणांवर आरोपपत्र ठेवलं. पुढे? जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती. २०२३ मध्ये केंद्राने खटल्याला मंजुरी नाकारली. १७ सप्टेंबर २०२४ रोजी न्यायालयाने कारवाई बंद केली, कारण अफस्पाच्या (अशांत भागात सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणाऱ्या कायद्याच्या) कलम ६ ची मंजुरी नाही. मंजुरी मिळाली तर खटला पुढे नेता येईल, आणि लष्कराला स्वतःची शिस्तभंगाची कारवाई करायला मोकळीक आहे, एवढं निकालात नोंदवलं. नागालँड सरकारने मंजुरी नाकारण्यालाच वेगळं आव्हान दिलं आहे.

अटकेचा प्रश्न तिथे आलाच नाही. अटकेपर्यंत जाणारा रस्ताच बंद होता. तुम्ही सगळे पोलीस ठाण्याच्या पायरीवर भांडताय, तिथल्या बायका दिल्लीतल्या एका फाइलशी भांडताहेत.

---

मराठा_लाइट

ईशान्यवारी, ओटिंगला जे झालं त्याचं समर्थन मी करणार नाही. चुकीच्या खबरीवर गोळी चालली की सगळ्या फौजेची मान खाली जाते. पण तीस जणांमध्ये हुकूम पाळणारे शिपाईही आहेत. त्यांना जिल्हा न्यायालयात उभं करून काय होणार? कोर्ट मार्शल करा, भरभर करा.

---

ईशान्यवारी

काका, काश्मीरच्या पथरीबलमध्ये तेच झालं ना? मार्च २००० मध्ये पाच जण परदेशी अतिरेकी म्हणून मारले. सीबीआयने तपास करून पाच अधिकारी आणि जवानांवर आरोपपत्र ठेवलं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लष्कराला पर्याय दिला: कोर्ट मार्शल करा, नाहीतर सीबीआयला मंजुरी मागू द्या. लष्कराने प्रकरण स्वतःकडे घेतलं आणि जानेवारी २०१४ मध्ये पुरावा नाही म्हणून बंद केलं. खटला उभाच राहिला नाही. काश्मीरमधल्याच माछिलच्या बनावट चकमकीत २०१४ ला कोर्ट मार्शलने जन्मठेप दिली होती, त्याचं मनापासून कौतुक वाटलं होतं. २०१७ मध्ये लष्करी न्यायाधिकरणाने ती स्थगित करून आरोपींना जामीन दिला.

---

गोदाकाठ

काका, ईशान्यवारी, तुमच्या दोघांच्या मधलं एक टोक मला धरावंसं वाटतं.

काकांचा मुद्दा मला मान्य आहे: गोळीबाराच्या क्षणी निर्णय घेणाऱ्या माणसाला स्थानिक राजकारणातून उठलेल्या एफआयआरवर कुणी उचलून नेऊ नये. अटकेआधी कुणीतरी बाहेरून पाहिलं पाहिजे, म्हणून कलम ४२ हवं. पण मंजुरी ही चाळणी असावी, भिंत नव्हे, आणि आज ती भिंत झालीये. का, ते कायद्यातच दिसतं. नव्या संहितेच्या कलम २१८ मध्ये इतर सरकारी नोकरांसाठी सुधारणा आली: सरकारने १२० दिवसांत निर्णय घ्यायचा, नाही घेतला तर मंजुरी मिळाली असं समजायचं. हे पोटकलम (१) मध्ये आहे. सशस्त्र दलांचं पोटकलम (२) मात्र जसंच्या तसं. त्यात मुदत नाही. तहसीलदाराच्या फाइलला १२० दिवस आणि मेजरच्या फाइलला मुदतच नाही, याचं समर्थन मला तरी सापडत नाही.

न्यायालयांनी दार पूर्ण लावलेलं नाही, हेही नोंदवते. १९९७ च्या निकालात अफस्पा वैध ठरवतानाच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मंजुरी देण्या-नाकारण्याचा आदेश न्यायालयीन तपासणीला खुला आहे. म्हणजे आदेशामागे कारणं हवीत. जुलै २०१६ मध्ये मणिपूरच्या १,५२८ कथित बनावट चकमकींच्या याचिकेवर तर स्पष्ट म्हटलं की अफस्पा लागू असला तरी लष्कराला सरसकट अभय नाही.

मला मागायचंय ते एवढंच: मुदत घाला, आणि नकाराची कारणं मृतांच्या घरच्यांना लेखी द्या. ही दोन वाक्यं पोटकलम (२) मध्ये आली तर एकाही प्रामाणिक अधिकाऱ्याचं नुकसान होत नाही.

---

मराठा_लाइट

मुदतीला माझा पाठिंबा आहे, ताई. उलट मुदत नसल्याने आमचाच माणूस वर्षानुवर्षं टांगलेला राहतो. बढती अडते, पोरीचं लग्न ठरवताना लोक विचारतात. कारणं लेखी देण्याबद्दल मात्र धाकधूक आहे, कारण त्यात ऑपरेशनचा तपशील बाहेर जाईल. तेवढा भाग झाकून द्यावा.

---

खाकी_निवृत्त

पोलीस खात्यात हयात गेली, म्हणून आमच्या बाजूचं दोन ओळीत. आर्मी अ‍ॅक्टचं कलम १०४ फार कमी अंमलदारांना माहीत असतं. कमांडिंग ऑफिसरचं सहीचं लेखी पत्र आलं की लष्करी गुन्ह्यातला माणूस पकडून लष्कराच्या ताब्यात द्यायला मदत करणं पोलिसांवर आणि मॅजिस्ट्रेटवर बंधनकारक आहे. पळून आलेल्या जवानाला गावात आम्हीच पकडतो. म्हणजे हे नातं दोन्ही बाजूंचं आहे.

आणि अधिकार आहे म्हणून तो कसाही वापरायचा नसतो. सप्टेंबर २०२४ मध्ये भुवनेश्वरच्या भरतपूर ठाण्यात रस्त्यावरच्या त्रासाची तक्रार द्यायला गेलेल्या एका लष्करी अधिकाऱ्यालाच कोठडीत बसवल्याचा आणि त्याच्या वाग्दत्त वधूला मारहाण केल्याचा आरोप झाला. पाच पोलीस निलंबित झाले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, न्यायालयीन चौकशी आयोग बसला. स्टेशन डायरीत नोंद, अटकेचं कारण लेखी, नातेवाइकाला आणि युनिटला कळवणं, एवढं केलं की अंमलदार स्वतः सुरक्षित राहतो. अधिकारी ओळखपत्र दाखवतो म्हणून घाबरू नका आणि दाखवतो म्हणून चिडूही नका.

---

सातपूरकर

आरोपी छावणीच्या आत असेल तर? फाटकावरचा जवान पोलिसांना सोडणारच नाही.

---

खाकी_निवृत्त

छावणी म्हणजे परदेश नव्हे. संहितेचं कलम ४४ सांगतं की ज्याला अटक करायची तो जिथे आहे, त्या जागेच्या ताबेदाराने पोलिसांना आत येऊ द्यायचं. पण फाटकावर हुज्जत घालण्यात अर्थ नाही. आम्ही गुन्हा क्रमांक, कलमं आणि आरोपीचं नाव घालून सीओंच्या नावे पत्र द्यायचो, प्रत स्टेशन हेडक्वार्टरला. बहुतेक वेळा ते स्वतःच माणूस हजर करायचे.

---

अनघा_क

अधीक्षकांना पाठवलेल्या अर्जानंतर ठाण्यातून फोन आला आणि बहिणीचा जबाब घेतला. गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवून तिकडे वर्ग केलाय. परवानगीचं कुणी नावही काढलं नाही. आता ते म्हणतात, नोटीस नवऱ्याला युनिटमार्फत जाईल. याने उशीर होईल का?

---

गोदाकाठ

थोडा होईल, पण तुमच्या फायद्याचा आहे. युनिटमार्फत गेलेल्या नोटिशीची पोच मिळते, आणि 'मला मिळालीच नाही' असं त्याला नंतर म्हणता येत नाही. एफआयआरची प्रत बहिणीला मोफत मिळते, ती आजच मागून घ्या. पोटगीच्या अर्जासोबत तीच प्रत कमांडिंग ऑफिसरला जोडून पाठवा.